काळतोंड्याची गाठ

एका राज्यात राजाला झोप येत नव्हती, आणि त्याची सजा रयत भोगत होती.

राजाचं नाव दुर्जय. थोरला भाऊ गाढ झोपेत असताना त्याच्या छातीत कट्यार घालून हा गादीवर बसला. मग याच्या डोळ्यांकडे झोप कशाला फिरकेल? सात वैद्य हरले. शेवटी कालजंघ नावाचा मांत्रिक आला. तो म्हणाला, "महाराज, आपली झोप आता परत येणे नाही. दुसऱ्याची प्यावी लागेल."

"पिता येते?"

"दुधासारखी."

त्या दिवशी हुकूम सुटला. दर घरातल्या एका माणसानं, पाळी येईल तशी, आपली झोप द्यावी. कालजंघ पितळी फुंकणी माणसाच्या डोळ्याला लावी आणि श्वास आत ओढी. डोळ्यातून निळा धूर निघे. तो गाडग्यात भरला, वर लाख लावली, की काम झालं. राजा रोज भर दुपारी एक गाडगं पिई आणि घोरत पडे. उरलेली गाडगी तळघरात, खजिना म्हणून. ज्याची झोप गेली तो माणूस जागाच राही. डोळे लाल, हात कामाला लागलेले. बरोबर एक वर्ष तो चाले, आणि वर्षाच्या शेवटच्या दुपारी सावली फिरली की उभ्या जागी कोसळे.

ही झोप सोन्याच्या भांड्यात टिकेना, चांदीच्या टिकेना. टिके ती एकाच घराण्याच्या हातच्या मातीत. त्या घराण्यात आता कोंडू कुंभार तेवढा उरला होता. कालजंघ त्याला म्हणाला, "गाडगी घडव. तुझ्या घराला पाळी माफ."

कोंडू घडवू लागला.

गावानं काय केलं? गावानं राजाला काही केलं नाही, मांत्रिकालाही नाही. तेवढी कुणाची छाती? गावानं कोंडूच्या दारात थुंकायला सुरुवात केली. त्याची बायको ठकू विहिरीवर गेली की बाया आपापले दोर उचलून चालू लागत. "सरा गं, झोपचोराची बायको आली." ठकू गुपचूप पाणी भरी आणि निघून येई. गप्प बसण्याचं कारण तिच्याजवळ होतं, ते असं.

त्या राज्यात देवीच्या जत्रेला सोंगं निघत. लाकडाचा मुखवटा तोंडावर चढवायचा आणि देव होऊन नाचायचं. त्याचे नियम पाळण्यातल्या पोरालाही पाठ. सोंग घेणाऱ्यानं आपली गाठ आपण बांधायची नाही. दुसऱ्यानं बांधायची, आणि ज्यानं बांधली त्यानंच सोडायची. दुसऱ्या कुणाच्या हातानं ती सुटत नाही. मेल्यावर मात्र आपोआप सुटते. आणि बाईचा हात सोंगाला लागता कामा नये. लागला तर सोंग गळून पडतं.

हा शेवटचा नियम कुणी करून पाहिला होता? कुणीच नाही. तरी तो सगळ्यांना ठाऊक होता.

एकदा चिकणमाती खणताना कोंडूला एक सोंग सापडलं. देवीच्या द्वारपालाचं, काळं कुळकुळीत. खाणीच्या काठावर एक टिटवी बसली होती. ती म्हणाली, "हे बांधलं की भिंत वाट देईल आणि भाला वाकेल. पण सावली पायाखाली असेल तेवढाच वेळ. सावली फिरायच्या आत गाठ सुटली नाही, तर सोंग तोंडाला चिकटेल आणि तोंडासकट जळेल. आणि बांधणाऱ्यानं कुणाजवळ नाव फोडलं, तरी तेच."

कोंडू सोंग घेऊन घरी आला. आता बांधणार कोण? गावात त्याला तंबाखूची चिमूट कुणी देत नव्हतं, गाठ कोण देणार?

ठकू पीठ मळत होती. तिनं हात पुसले. "द्या इकडं," ती म्हणाली.

"बाईचा हात..."

"तोंड फिरवा म्हणते ना!"

तिनं गाठ मारली. सोंग काही गळलं नाही.

त्यानंतर दर दुपारी, राजा घोरत असताना, तो काळ्या तोंडाचा भिंतीतून आत शिरे आणि तळघरातलं एक गाडगं आणून ज्याचं त्याच्या उंबऱ्यावर फोडी. गाडगं कुणाचं हे त्याला नेमकं कळे, कारण प्रत्येकाच्या बुडाला त्यानंच अंगठ्याची वेगळी खूण दाबलेली असे. धूर आपल्या धन्याला शोधून काढी आणि तो माणूस कुठं नांगरावर, कुठं जात्यावर गाढ झोपून जाई. गावानं नाव ठेवलं काळतोंड्या. त्याच्यावर गाणी झाली. आणि तीच गाणी म्हणत पोरं कोंडूच्या अंगणात शेण टाकून पळत.

कोंडूची मुलगी वेणा पंधरा वर्षांची होती. ती बापाच्या ताटाशेजारी बसत नसे.

"बा, तो काळतोंड्या एकटा जिवावर उदार होतो. आणि तू त्या मेल्यांना गाडगी पुरवतोस."

"पुरवतो."

"लाज वाटते का?"

"वाटते. भाकर खा."

"तुझ्या हातची नको."

ठकू चुलीपुढून ओरडे, "वेणे, जीभ आवर!" त्यापुढं तिला काही बोलता येत नसे. एक शब्द बोलली असती तर नवऱ्याचं तोंड जळालं असतं. ती लाकूड चुलीत जोरानं कोंबी, तेवढंच.

आता मांत्रिकाच्या शब्दाला काय किंमत? एके दिवशी कोंडू खाणीवर असताना कालजंघ दारात आला. म्हणाला, "पाळी आली. मुलीची झोप हवी." वेणा आत निजलेली. ठकूनं दार अडवलं. "तिला उठवलंत तर याद राखा. माझी घ्या." त्यानं घेतली, आणि ते गाडगं तळघरात न ठेवता आपल्या कमरेला बांधलं. कोंडूनं गाडगी घडवणं थांबवू नये म्हणून. वेणाला ठकूनं सांगितलं, डोळे आलेत.

कोंडूनं जवळजवळ वर्षभर प्रयत्न केला. कालजंघ कधी झोपत नसे. त्याची कंबर काही हाती येईना. वर्ष भरायला तीन दिवस उरले तेव्हा तो खाणीवर जाऊन बसला.

टिटवी म्हणाली, "एकेक गाडगं फोडून शाप तुटत नाही. तीन कामं कर. फुंकणी मोड, म्हणजे सोडलेली झोप पुन्हा ओढता येणार नाही. मेलेल्या थोरल्या राजाची अर्धी राहिलेली झोप पहिल्या गाडग्यात कोंडलेली आहे, ते गाडगं शोध. आणि भर दरबारात, राजा जागा असताना, ते त्याच्या पायाशी फोड. राजासमोर सोंगाचा जोर चालणार नाही. भाले लागतील."

"लागू देत."

"अजून ऐक. परत आलेल्या झोपेला थांब म्हणायचं नाही. डोळे मिटून घ्यायचे. जो थांब म्हणेल, त्याच्यासाठी तीच शेवटची झोप."

कोंडूनं हे सगळं घरी येऊन ठकूला सांगितलं. ती म्हणाली, "बरं." एवढंच.

पहिल्या दिवशी तो फुंकणीकडे गेला. दुपारी ती सावरीच्या झाडाच्या ढोलीत असे आणि तिच्यावर सात फण्यांचा नाग बसलेला. नागाचीही झोप काढून घेतलेली, चौदा डोळे लालभडक. कोंडूनं तळघरातून त्याचंच गाडगं आणलं होतं. ते बुंध्याशी फोडलं. सातही फणे एकामागून एक खाली आले. त्यानं फुंकणी दगडावर ठेचून चपटी केली.

दुसऱ्या दिवशी तळघर. तिथं एक हजार गाडगी, वरून सगळी सारखी, खूण काय ती बुडाला. पहिलं शोधताना चुकीचं उचललं तर हात दगडाचा होईल, असं टिटवीनं बजावलं होतं. पण पहिलं गाडगं कोंडूच्या बापानं घडवलेलं, आणि बाप डावखुरा. डाव्या हातानं थापटलेल्या मातीचा नाद वेगळा येतो. कोंडू बोटाच्या पेरानं एकेकावर टिचकी मारत गेला. आठशे एकोणिसावं वाजलं, आणि त्याला बापाचा खोकला ऐकू आल्यासारखा वाटला. त्यानं ते उचललं.

तिसरा दिवस ठकूच्या वर्षाचा शेवटचा. फुंकणी मोडल्यामुळे राजा खवळला होता आणि जिवंत असलेल्या सगळ्या झोप गेलेल्यांना त्यानं चौकशीसाठी भर दुपारी दरबारात बोलावलं होतं. बाकी गाव बंद दरवाजाबाहेर. ठकूही आत गेली. जाण्याआधी तिनं गाठ मारली.

"जास्त आवळलीस," कोंडू म्हणाला.

"राहू द्या."

काळतोंड्या सिंहासनासमोर भिंतीतून बाहेर आला. राजा ओरडला, "धरा!" पहिला भाला खांद्यात शिरला, दुसरा मांडीत. तो तसाच तीन पावलं चालला आणि गाडगं राजाच्या पायाशी आपटलं.

थोरल्या भावाची अर्धी झोप निघाली आणि धाकट्याच्या डोळ्यांत शिरली. दुर्जय जांभई देत सिंहासनावरून घरंगळला तो पुन्हा उठला नाही. खाली तळघरात हजार गाडगी फुटली. कालजंघाच्या कमरेचं फुटलं आणि कालजंघाची जागच्या जागी मूठभर राख झाली. दरबार निळ्या धुरानं भरला. रयत, शिपाई, प्रधान, सगळे जिथं होते तिथं आडवे झाले.

ठकूची झोपही तिच्याकडे आली. वर्षभराची भुकेली झोप ती. ठकूनं खाली पाहिलं. सावली पायाखाली होती, पण फिरायला लागली होती.

ती झोपेला म्हणाली, "थांब जरा."

ती कोंडूजवळ गेली. गाठ आवळलेली होती, बोटं बधिर होत होती. तिनं दातानं सोडवली. सोंग त्याच्या हातात पडलं.

"ठकू, अगं डोळे मीट आधी!"

"मिटते ना आता," ती म्हणाली, आणि त्याच्या मांडीवर डोकं ठेवून निजली ती निजलीच.

बाहेरच्यांनी दरवाजा फोडला. त्यांनी काय पाहिलं? राजा मेलेला, माणसं घोरतायत, आणि मध्ये कोंडू कुंभार रक्तानं माखलेला, हातात काळतोंड्याचं सोंग.

"यानं काळतोंड्याला मारलं!"

"मेल्याशिवाय सोंग सुटत नाही. दुसरं काय असणार?"

एक म्हातारी म्हणाली, "मग त्याचं प्रेत कुठाय रे?"

"देवाच्या माणसाचं प्रेत राहतं होय, म्हातारे! गप बस."

कोंडू म्हणाला, "तो मीच. माझ्या ठकूनं गाठ सोडली."

त्यावर सगळे हसले. मेलेली बाई समोर पडलेली, आणि हसले. टिटवी कमानीवर बसून कळवळून खरं सांगत होती, पण टिटवी अशुभ, तिचं कोण ऐकतं? पुजारी पुढं झाला. "बाईचा हात लागला की सोंग गळतं. हा पापी वर खोटंही बोलतो. उद्या दुपारी दगडांनी मारावा."

त्याला रात्रभर खांबाला बांधून ठेवलं. बायकोला अग्नीसुद्धा देऊ दिला नाही.

दुसऱ्या दुपारी सगळ्यांनी दगड उचलले. वेणानंही उचलला. ती बापासमोर येऊन उभी राहिली.

"आईनं सोडली म्हणतोस?"

"हो."

"आणि बांधलीही तिनं?"

"दीड वर्ष. रोज."

"तिचे डोळे आले नव्हते तर."

"तुझी पाळी तिनं घेतली."

वेणानं हातातला दगड पायाशी ठेवला. मग पुजाऱ्याला म्हणाली, "ते सोंग द्या. मी बांधते. गळून पडलं तर पहिला दगड माझा."

"शिव शिव! तुझा हात लावतेस?"

"गळणारच आहे ना? मग घाबरता कशाला?"

तिनं ते त्याच्या हातातून हिसकावलं, बापाच्या तोंडावर चढवलं आणि मागं गाठ मारली. सोंग गळलं नाही. तिनं शिपायाला म्हटलं, "मार भाला." शिपायानं मारला. भाल्याचं पातं गवतासारखं वाकलं. वेणानं गाठ सोडली, आणि आतून कोंडूचं तोंड निघालं, रडून सुजलेलं.

दगड खाली पडले. एकेकाला आता घरी कामं आठवली. विहिरीवर दोर उचलून जाणाऱ्या बाया खाली मान घालून उभ्या होत्या. कुणी "चुकलो" म्हटलं नाही. म्हातारी तेवढी पुढं आली आणि तिनं आपल्या खांद्यावरचं पांघरूण काढून तिथंच पडलेल्या ठकूच्या अंगावर घातलं.

शाप तुटला. थोरल्या राजाचा मुलगा वनवासातून परत आला आणि गादीवर बसला. घराघरात माणसं झोपू लागली. नव्या राजानं काळतोंड्याचं देऊळ बांधायचं ठरवलं. पुजारी सोंग मागायला कोंडूच्या दारी आला. बरोबर वाजंत्री होती.

"शुद्ध करून प्रतिष्ठापना करू," तो म्हणाला. "दोन बायांचे हात लागलेत, म्हणून."

"आणि देवळात बायांनी यायचं?"

"पायरीपर्यंत."

त्या दिवशी कोंडूनं मडक्यांचा आवा पेटवला होता. वेणा आत गेली, सोंग घेऊन आली आणि पुजाऱ्याच्या देखत तिनं ते आव्याच्या जाळात टाकलं. चांगलं जुनं लाकूड, लगेच धरलं.

"अगं, देव होता तो!" पुजारी किंचाळला.

"देव नव्हता," वेणा म्हणाली. "माझा बा होता. आणि त्याच्या मागं माझी आई होती. जा आता, वाजंत्र्यांना घेऊन जा."

मग ती बापाजवळ बसली आणि त्याच्या ताटातली भाकर मोडून तिनं खाल्ली. कोंडूनं मान वर केली नाही. त्याची झोप कुणी काढून घेतली नव्हती, तरी ती त्याला पुढं कधी आली नाही. आणि ती ज्यात सापडावी असं गाडगं त्या राज्यात कुणाला घडवता येत नव्हतं.

बाकी सगळे सुखात राहिले. राहणारच.