भरतीनं परत आणलेल्या बाहुल्या

फार लांब, जपान देशात, जिथे नदी संथ होऊन समुद्राला मिळते, तिथे एक गाव होतं. त्या गावात कागदाच्या घड्या घालणारा एक म्हातारा होता.

गाव धुक्यातलं. सकाळी धुकं उतरलं की भिंती दिसायच्या नाहीत, नुसती छपरं तरंगताना दिसायची. वसंत आला की काठावरची पीचची झाडं फुलायची आणि धुकंसुद्धा गुलाबी व्हायचं. मग बाहुल्यांचा सण यायचा. घरोघरी लाल कापड घातलेल्या पायऱ्या मांडायच्या. त्यांवर कागदाची फुलं, कागदाचे कंदील, सगळ्यात वर कागदाचे राजाराणी. ही आरास गावातली म्हातारी माणसं करायची. हिवाळाभर एका मोठ्या खोलीत शेगडीभोवती बसून ती कागद दुमडत असत.

पण सणाचा खरा जीव होता एका छोट्या बाहुलीत. प्रत्येक मुलीला अगदी पातळ कागदाची एक बाहुली मिळायची. मुलगी ती अंगावरून फिरवायची, तिच्या कानात आपलं दुखणं सांगायची आणि तिला नदीत सोडायची. दुखणं म्हणजे तापखोकलाच असं नाही. जे घरात कुणापाशी बोलता येत नाही, ते. बाहुली पहिल्या वळणापर्यंत पोचायच्या आत पाण्यात विरघळून जायची. बाहुली गेली की दुखणंही जायचं. मुली उड्या मारत घरी परतायच्या.

पिढ्यानपिढ्या हे असं नीट चाललं होतं. ते बिघडवलं या म्हाताऱ्यानं.

त्याच्याइतकी सरळ घडी आसपासच्या दहा गावांत कुणी घालत नव्हतं, हे खरं. आणि हे तो स्वतःच दहा गावांत सांगायचा, हेही खरं. दुसऱ्याच्या हातातली बाहुली तो उलटीपालटी करून बघायचा. "ही बाही आहे का? मला वाटलं पायपुसणं." बाकीचे म्हातारे हसायचे, कारण या वेळी पायपुसणं दुसऱ्याचं असायचं.

त्याची आठ वर्षांची नात त्याच्या शेजारी बसून घड्या घालायची. तिची बाहुली पुरी होत आली की म्हातारा हात पुढे करायचा.

"आण इकडे."

मग तो ती सगळी उलगडायचा आणि पुन्हा घालायचा. सरळ, धारदार, त्याच्यासारखी. "आता बघ कशी दिसते," म्हणायचा. नात बघायची. बाहुली सुंदर दिसायची. त्यात तिचं काहीच उरलेलं नसायचं.

एका हिवाळ्यात म्हातारा सगळ्यांना म्हणाला, "बारा पदरांचा झगा दुमडायला मला नऊ दिवस लागतात. आणि नदीत टिकतो किती? चहा निवेपर्यंत! हा काय न्याय झाला? या वर्षी बाहुल्यांना मेण लावू. भिजणार नाहीत."

शेजारची म्हातारी चाचरत म्हणाली, "अहो, पण ती विरघळायलाच हवी ना?"

"तुझी बाहुली या वेळी किती छान झालीय. ती चिखलात जाऊ दे म्हणतेस?"

म्हातारीनं आपल्या हातातल्या बाहुलीकडे पाहिलं आणि मेणाची वाटी पुढे ओढली. मग सगळ्यांनीच मेण लावलं. मुलींना कुणी विचारलं नाही. सण मुलींचा होता, पण मुलींना काही विचारायची त्या गावात पद्धत नव्हती.

सणाच्या सकाळी धुक्यातून बाहुल्या निघाल्या. झगे पसरून, माना ताठ, एकामागे एक, जणू पाण्यावर वरात चाललीय. पहिलं वळण आलं. एकही विरघळली नाही. पुलावर उभ्या म्हाताऱ्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. आपल्या म्हाताऱ्याचे तर डोळे भरून आले.

नात त्याची बाही ओढत म्हणाली, "आजोबा, माझी बाहुली विरघळली नाही."

"बघ ना! एक घडीसुद्धा सुटली नाही."

"पण मला अजून जड वाटतंय."

"खाल्लं असशील जास्त," म्हातारा म्हणाला आणि पुन्हा पाण्याकडे बघू लागला.

संध्याकाळी भरती आली. नदीचं पाणी उलटं फिरलं आणि त्यावरून, मावळत्या उजेडात, बाहुल्या परत आल्या. तशाच ताठ, तशाच सुंदर. काठाच्या दगडी पायऱ्यांपाशी येऊन थांबल्या आणि बोलू लागल्या. भात रटरटावा तसा हळू आवाज. आधी कुणाला कळेना. मग कळलं. ज्या मुलीनं जे सांगितलं होतं, ते तिच्याच आवाजात बाहुली सांगत होती.

"आजी पाहुण्यांसमोर माझ्या नाकाला हसते."

"आजोबा म्हणाले, हिच्या जागी मुलगा झाला असता तर बरं. मी दाराआड होते."

"मी रडले की सगळे म्हणतात नाटक करते."

अख्खं गाव काठावर उभं होतं. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. आणि सगळ्यात देखणी, बारा पदरांची बाहुली म्हाताऱ्याच्या पायाशी येऊन त्याच्या नातीच्या आवाजात म्हणाली, "आजोबा माझ्या हातातून कागद काढून घेतात तेव्हा वाटतं, माझे हात खोटेच आहेत."

आता गाव म्हाताऱ्याकडे बघत होतं.

त्यानं काय करावं? नातीला जवळ घ्यावं. पण त्याला आधी लोक दिसले. "पेटी आणा!" तो ओरडला. म्हाताऱ्या माणसांनी भराभर बाहुल्या गोळा केल्या, लाकडी पेटीत कोंबल्या, वर तीन रजया घातल्या. "वारा होता," ते एकमेकांना म्हणाले. "खाडीवर असा आवाज येतोच." घरी आल्यावर म्हातारा नातीला म्हणाला, "गावासमोर माझी शोभा केलीस."

दुसऱ्या दिवसापासून नातीनं हात बाह्यांत लपवले. ती काही धरेना, काही उचलेना. तिसऱ्या दिवशी शेजारच्या म्हातारीनं तिची बाही मागे सारली. मुलीची बोटं कागदाची झाली होती. पांढरी, हलकी, फुंकर मारली की हलणारी.

"अहो," म्हातारी म्हणाली, "दुखणं गेलंच नाही, परत आलंय. हे शेवटचं पीचचं फूल गळायच्या आत नाही गेलं, तर पोरीचे हात असेच राहतील."

म्हातारा घाबरला. त्यानं झाडं पाहिली. अर्धी फुलं गळून गेली होती. तो लगेच कागद घेऊन बसला, दिवसभर बसला आणि बिनमेणाची, आजवरची सगळ्यात सुबक बाहुली घेऊन नातीपुढे आला.

"घे. मेण नाही लावलं."

"नको."

"अगं, सांग तिला काय सांगायचं ते. मी लांब जातो."

"ती तुमची आहे. तिला मी काही सांगणार नाही."

म्हातारा बाहुली धरून उभा राहिला. इतक्या वर्षांत त्याच्या बाहुलीला कुणी नको म्हटलं नव्हतं.

"मग मी काय करू?"

"पेटी उघडा," नात म्हणाली. "आणि ऐका."

म्हाताऱ्याला ते नको होतं. पेटी उघडली की पुन्हा सगळं बाहेर येणार, पुन्हा लोक जमणार. पण नातीच्या बाह्या वाऱ्यावर हलत होत्या आणि आतून कागद फडफडल्याचा आवाज येत होता. त्यानं पेटी ओढत काठावर आणली आणि भर उन्हात उघडली. लोक जमलेच. म्हाताऱ्यानं बारा पदरांची बाहुली समोर ठेवली आणि मांडी घालून बसला.

बाहुली तेच वाक्य म्हणाली. "खोटं आहे," म्हातारा म्हणाला. बाहुलीनं पुन्हा म्हटलं. "अगं, मी शिकवत होतो," म्हातारा म्हणाला. बाहुलीनं पुन्हा म्हटलं. या वेळी म्हातारा काही बोलला नाही. मग कितीतरी वेळ ती बोलत राहिली आणि तो ऐकत राहिला. ऊन कलू लागलं तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं की तो आवाज लहान मुलीचा आहे.

त्यानं ती बाहुली उचलली आणि उलगडली. नऊ दिवसांचे बारा पदर, एकेक. घरून शेगडी मागवून कागद तिच्या उबेवर धरला, मेण फडक्यानं टिपून टिपून काढलं. चुरगळलेला, डागाळलेला, मऊ पडलेला तो कागद त्यानं नातीपुढे ठेवला.

"तू घाल," तो म्हणाला. "मी बघत बसतो. चालेल?"

नातीनं बाह्यांतून हात काढले. कागदाच्या बोटांनी कागद दुमडणं काही सोपं नव्हतं. घडी निसटत होती, कोपरे जुळत नव्हते. म्हातारा दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला. एक बाही आखूड झाली. त्याला दिसलं. मान तिरकी बसली. तेही दिसलं. पण हात मांड्यांखालीच राहिले आणि तोंड मिटलेलंच. हा माणूस एवढा गप्प बसलेला गावानं कधी पाहिला नव्हता.

बाहुली झाली. नातीनं ती वर धरली.

"बरी आहे?"

म्हाताऱ्याच्या ओठांवर आधी तिची चूक आली, मग खोटं कौतुक आलं. दोन्ही त्यानं गिळलं.

"मला नको विचारूस," तो म्हणाला. "तुझी आहे."

नातीनं बाहुलीच्या कानात काहीतरी सांगितलं. म्हाताऱ्याला ते ऐकू आलं नाही आणि त्यानं ऐकायचा प्रयत्नही केला नाही. पाण्यात पडताच बाहुली एका अंगावर कलंडली. थोडी गेली, भिजली, फिकट झाली आणि वळणाच्या अलीकडेच नुसतं पाणी उरलं.

नातीनं बोटं मिटली, उघडली. ती गुलाबी होती. तिनं कडकड बोटं मोडली, खुदकन हसली आणि मैत्रिणींकडे पळाली. आजोबांच्या गळ्यात वगैरे पडली नाही. माफ केलं असंही म्हणाली नाही. म्हाताऱ्यानंही विचारलं नाही. पहिल्यांदाच त्यानं कशाची तरी वाट बघायची ठरवली.

ते पाहून शेजारची म्हातारी पुढे आली आणि पेटीतून आपल्या नातीची बाहुली काढून समोर बसली. आणखी दोघं बसली. बाकीच्यांनी मात्र आपापल्या बाहुल्या बाह्यांत लपवून घरी नेल्या. इतक्या छान घड्या कोण मोडणार?

त्यांच्या घरातल्या मुली वाढल्या, पण कागदासारख्या हलक्या राहिल्या. एकेका वसंतात वारा सुटला की एकेक मुलगी छपरावरून, पीचच्या फुलांवरून, धुक्यावरून तरंगत समुद्रापलीकडे निघून गेली. परत कुणी आली नाही. त्या घरांत लाल पायऱ्यांवर बाहुल्या अजून बसलेल्या आहेत, एकही घडी न विस्कटलेल्या. आल्यागेल्याला म्हातारी माणसं त्या कौतुकानं दाखवतात आणि सुस्कारा टाकून म्हणतात, "पोरी का गेल्या, काही कळत नाही हो." पायऱ्यांवरून रोज संध्याकाळी ते कारण सांगितलं जातं. पण तेव्हा त्यांच्या कानांत कापूस असतो.

तात्पर्य एवढंच: ज्याच्यासाठी वस्तू घडवली त्याच्यापेक्षा वस्तूलाच जास्त जपलं, तर वस्तू राहते आणि माणूस जातो, म्हणून मुलं का दुरावली असं जगाला विचारण्याआधी, मोठ्यांनी त्यांचं एकदा न टोकता ऐकून घ्यावं.