दिव्याखालची काच

“काच नेमका किती टक्के उजेड अडवते, मास्तर?”

पास्कोल मास्तरांनी चहाचा कप खाली ठेवला. महिन्याभरातला हेरंबचा हा चौथा प्रश्न होता. चारही प्रश्नांत टक्के होतेच.

मास्तर वेंगुर्ल्याचे. आधी जहाजावर वायरमन, मग आयटीआयमध्ये वीजकाम शिकवणारे. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरात खाऱ्या पाण्याची टाकी मांडली आणि तिच्यात प्रवाळ वाढवले. ती पाहून कुडाळच्या हेरंब सामंताने, आर्किटेक्ट माणसाने, दुप्पट मोठी टाकी केली. तिच्यावर मेटल हॅलाइडचा दिवा टांगला. खेळाच्या मैदानावर असतो तसला, डोळे दिपवणारा आणि चुलीसारखा तापणारा.

“काचेचं का विचारतोस?”

“प्रवाळ पांढरे पडताहेत. उजेड कमी पडत असणार. म्हणून दिव्याखालची काच काढली.”

“कधी?”

“गुरुवारी.”

“आणि पांढरे कधी पडले?”

हेरंबने मोबाइलमधला तक्ता उघडला. “शुक्रवारपासून जरा जास्तच...”

मास्तरांनी कपाळ चोळलं. ही काच काढायची नाही, हे त्यांनी दिवा टांगताना सांगितलं होतं. मग फोनवर सांगितलं होतं. तिसऱ्यांदा कागदावर लिहून दिलं होतं, मोठ्या अक्षरात.

“टाकीसमोर कोण बसतं?”

“कोण म्हणजे?”

“माणूस. माणूस कोण बसतं?”

“आई. दुपारी वाती वळत बसते. तिला मासे आवडतात.”

“डोळे कसे आहेत तिचे?”

“लाल झालेत दोन दिवस. वाळू गेल्यासारखं खुपतं म्हणते. वय झालं आता, मास्तर. पण माझा प्रश्न असा होता की...”

मास्तर उठले.

“फोन लाव. दिवा बंद करायला सांग.”

“आत्ता? आजच्या उजेडाचे तीन तास राहिलेत अजून.”

“हेरंब.”

त्याने फोन लावला. आईचा आवाज मास्तरांनाही ऐकू आला. तूच म्हणालास ना, दिव्याच्या बटणाला हात लावू नकोस म्हणून... शेवटी तिने दिवा बंद केला.

कुडाळ तिथून गाडीने पाऊण तासावर. वाटेतलं मठ गाव मागे पडल्यावर हेरंबने विचारलं, “काचेचा आणि डोळ्यांचा काय संबंध?”

“वेल्डिंगकडे उघड्या डोळ्यांनी बघितलंयस कधी?”

“नाही.”

“डोळे खुपून रात्रभर झोप येत नाही. तसलेच अतिनील किरण या बल्बमधून निघतात. ते अडवायला काच असते. प्रवाळही त्यांनीच भाजले.”

हेरंबने गाडीचा वेग वाढवला.

“हळू चालव,” मास्तर वैतागून म्हणाले. “घाई गुरुवारी करायची नव्हती.”

घरी आई दारातच उभी होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पदराने ती ते टिपत होती. मास्तरांनी तिला डोळे चोळू दिले नाहीत. हेरंबला म्हणाले, “डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन कर. आत्ता बघतील का विचार.”

डॉक्टरांनी अर्ध्या तासाने बोलावलं.

दिवा विझून तास होत आला होता. तरी मास्तरांनी आधी हात जवळ नेऊन ऊब पाहिली, मग प्लग काढला. हेरंबने काच आणून दिली. ती त्याने वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवली होती. मास्तरांनी ती पुसली, खाचेत सरकवली, चारही स्क्रू आवळले. बल्बला बोट लागू दिलं नाही. दिव्याची वायर टाकीच्या कडेवरून सरळ प्लगात उतरत होती. तिला त्यांनी खाली झोल दिला, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी प्लगात न जाता खाली ठिबकेल.

हेरंब मागे उभा राहून बघत होता. “मी सगळं मोजत होतो, मास्तर. खारटपणा, तापमान, उजेड. रोज दोन वेळा.”

“कुठून मोजत होतास?”

“वरून. स्टुलावर चढून.”

टाकीसमोर आईची वेताची खुर्ची होती. शेजारी वातींचं ताट.

“बस तिथे,” मास्तर म्हणाले.

“मी?”

“बस.”

हेरंब बसला. नजर वर गेली. खुर्चीतून बल्ब समोरच दिसत होता, दोन हातांवर.

“आईच्या थेट डोळ्यांत...”



आई भिंतीला टेकून उभी होती. म्हणाली, “गुरुवारी दुपारपासूनच ती प्रवाळाची फुलं मिटून बसायला लागली. तो पट्ट्यांचा मासापण दगडामागून बाहेर येईना. मी याला दोनदा सांगितलं.”

“मग?” मास्तरांनी विचारलं.

“म्हणाला, मीटरवर सगळं ठीक आहे.”

हेरंबने मान खाली घातली. मग तो उठला, आईच्या चपला तिच्या पायांपुढे ठेवल्या, गाडीची किल्ली घेतली. दारात मात्र थबकला.

“मास्तर... प्रवाळ जगतील का?”

“तुझ्या आईला विचार. रोज बघते ती.”

“आणि पुन्हा असं होऊ नये म्हणून मी काय मोजू?”

मास्तरांनी एक मोठा सुस्कारा सोडला. वातींचं ताट उचलून बाजूला ठेवलं.

“डॉक्टरांकडून आलास की ही खुर्ची जरा सरकव. शेजारी तुझी खुर्ची मावायला हवी.”