कणखर करून मिळणेबाबत

विषय : श्री. भरतेश मगदूम, राहणार जयसिंगपूर, यांना कणखर करून मिळणेबाबत.

संदर्भ : अर्जदाराची तोंडी विनंती.

"…म्हणजे तुला उठता येत होतं?" महाराजांनी विचारलं.

"येत होतं, महाराज."

"पाय मोडला नव्हता?"

"नाही."

"दम?"

"दमही होता. तिथल्या डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, माणूस उत्तम आहे, फक्त बसलाय."

"मग बसलास का?"

"तेच विचारायला आलोय."

महाराजांनी मोरपिसांची पिंछी या हातातून त्या हातात घेतली. भरतेशला वाटलं, आता उत्तर येणार. तो सरसावून बसला.

…

महाराजांनी पिंछीने पाटावरची एक मुंगी हलकेच बाजूला केली.

प्रकरण असं होतं. भरतेश मगदूम हा पाइपांचा कारखानदार. चाळिशीत पोट सुटायला लागलं म्हणून तो पळायला लागला, आणि पळता पळता इतका पुढे गेला की घरच्यांना तो पाठमोराच दिसू लागला. आधी पोहायचं, मग सायकल मारायची, मग पळायचं, आणि हे सगळं एकाच दिवसात, मध्ये न थांबता, अशा शर्यती त्याने केल्या होत्या. चांगल्या वेळेत केल्या होत्या. वेळ विचारली नाही तरी तो सांगत असे.

मग त्याला उत्तरेतल्या एका पहाडी शर्यतीची माहिती मिळाली. उजाडायच्या आत बर्फाळ तळ्यात उडी मारायची, मग घाटामागून घाट सायकल चढवायची आणि शेवटी डोंगराच्या माथ्यावरच्या देवळापर्यंत धावायचं. बक्षीस काही नाही. माथ्यावर पोचणाऱ्याला देवळाची घंटा वाजवायला मिळते. एवढ्यासाठी लोक तिथे जातात आणि तळ्यात उतरताना आपण का आलो ते विसरतात.

त्या शेवटच्या चढावर भरतेश पुष्कळांच्या पुढे होता. देऊळ दिसत होतं. तिथे तो एका दगडावर बसला, तो उठलाच नाही.

मागून एक ड्रॉइंगमास्तर आले. पोट सुटलेले, वाटेत ओकत, रडत, मेलेल्या आईला हाका मारत. "जरा सरका," म्हणाले आणि वर गेले. मास्तरांनी वाजवलेली घंटा भरतेशने बसल्या जागी ऐकली.

"यंदाही माझं नाव लागलंय, महाराज. जाऊ की नको, कळत नाही. गेलो आणि पुन्हा बसलो, तर मग…"

"तर मग काय?"

"तर मग मी कोण, तेच मला कळणार नाही."

 मग तो मुद्द्यावर आला.

"माझ्याकडे ताकद आहे, वेळ आहे, शिस्त आहे. कणखरपणा तेवढा नाही. तो तुमच्याकडे आहे. तो द्या."

पौषातली सकाळ होती. भरतेशच्या अंगात परदेशी जाकीट होतं. अमुक थंडीपर्यंत ऊब टिकेल, अशी कंपनीची लेखी हमी होती. समोर महाराज लाकडी पाटावर बसले होते, अंगावर सुताचा धागा नाही. दिगंबर मुनींना हमी कोण देणार?

महाराजांनी दोन्ही तळवे उताणे केले. मग स्वतःच्या उघड्या अंगाकडे, वरून खालपर्यंत, एकदा बघितलं.

"मी ठेवणार कुठं रे? खिसा कुठाय?"

एवढं बोलून ते सामायिकाला, म्हणजे ध्यानाला, बसले. पूर्वाश्रमी ते एसटीत कंडक्टर होते, असं गावात बोललं जाई. खरंखोटं विचारायची कुणाची छाती नव्हती. पण गाडी कुठे थांबवायची हे त्यांना कळत असे, एवढं खरं.

भरतेश त्याच गावात आत्याच्या घरी उतरला होता. चंपाआत्याने सगळं ऐकून घेतलं.

"बसायचं चांगलं जमतंय म्हणं तुला," ती म्हणाली. "उद्या दारात उभा ऱ्हा माझ्यासंगं. ते जमतंय का बघू."

दारात उभं राहण्याचं असं, की मुनी दिवसातून एकदाच जेवतात आणि तेव्हाच पाणी पितात. निघताना मनाशी एक अट धरतात. दारात अमुक दिसलं तरच थांबायचं, नाही दिसलं तर उपाशी परत. अट कुणाला सांगायची नाही. त्यामुळे गल्लीतल्या बायका कधी नारळ घेऊन, कधी दोन कलश घेऊन, कधी उसाचं कांडं धरून उभ्या राहत. अटी जाहीर न करता निविदा मागवाव्यात, तसा प्रकार. चंपाआत्याची निविदा रोज नामंजूर होत होती. आदल्या दिवशी तर महाराजांचा उपवास होता.

सकाळी भरतेश सोवळं नेसून, डोक्याला पंचा बांधून, हातात कलश घेऊन उभा राहिला. उभं राहण्यात त्याने काटकसर केली नाही. छाती पुढे, खांदे मागे.

महाराज आले. चार दारं ओलांडली. आत्याच्या दाराशी थांबले.

आत्याने घाईने हात जोडले. "नमोस्तु, महाराज, नमोस्तु…" एवढंच कसंबसं म्हणाली.

कशामुळे थांबले? कलशामुळे? पंच्यामुळे? भरतेशला वाटलं, आपल्यामुळे. त्याने छाती आणखी पुढे काढली.

आत चौक्यात चूल पेटलेली होती. महाराज पाटावर उभे राहिले. मुनी उभ्यानेच जेवतात, ताट नसतं, ओंजळ हेच ताट. जेवताना बोलत नाहीत. आत्याने भाताचं भांडं भरतेशच्या हातात दिलं.

चुलीची धग लागत होती. भरतेशला घाम आला, आणि इथे त्याच्या हातून एक गोष्ट घडली. शर्यतीत घाम आला की डोक्याचं फडकं ओढायचं, तोंड पुसायचं आणि पुढे निघायचं, ही त्याची जुनी सवय. हात आपोआप वर गेला. पंचा सुटला, तोंड पुसलं गेलं, पंचा खांद्यावर पडला. त्याला कळलंही नाही.

त्याने पुढचा घास महाराजांच्या ओंजळीत ठेवला.

घासावर केस होता.

आखूड, काळा. आत्याचं डोकं पांढरं होतं. आणि पाण्यात अडथळा नको म्हणून हातपाय तर त्याने गुळगुळीत करून घेतले होते. केस कुठून आला, याला चौकशी समितीची गरज नव्हती.

अन्नात केस निघाला की अंतराय. म्हणजे जेवण तिथेच संपलं. पाण्याची पाळी अजून यायची होती, तीही संपली. उद्यापर्यंत काही नाही.

महाराजांची नजर अधू होती. त्यांना दिसला नसावा.

आत्याला दिसला होता. तिने भरतेशकडे बघून मान किंचित हलवली… बोलू नको. मग दोन बोटं जुळवून दाखवली… उचल.

त्याला ते सहज जमलं असतं. पाण्यातून बाहेर पडून सायकलवर बसेपर्यंतचे क्षण वाचवायला त्याची बोटं वर्षानुवर्षं तयार झाली होती. डोळ्याचं पातं लवायच्या आत त्याने केस उचलला असता आणि देवालाही कळलं नसतं.

बोटं पुढे गेली.

महाराज घासाकडे बघत नव्हते. त्याच्याकडे बघत होते.

…

"केस," भरतेश म्हणाला.

कुणी विचारलं नव्हतं.

महाराजांनी ओंजळ सोडली. भात खालच्या परातीत पडला. ते शांतपणे खाली बसले, हात धुतले, पिंछी घेतली आणि निघून गेले. चेहऱ्यावर राग नव्हता, दुःख नव्हतं. भरतेशने नीट शोधलं, शाबासकीही नव्हती.

दार लागताच आत्या फुटली.

"दोन दिसांचा उपाशी जीव! पाण्याचा थेंब पोटात गेला न्हाई! तुला कुणी इचारलं हुतं का रं?"

"आत्या, मी खोटं कसं…"

"खोटं बोल म्हटलं का मी? गप ऱ्हा म्हटलं. तिकडं डोंगरावर बरा गप बसलास. हितंच तोंड फुटलं!"

ती पदर तोंडाला लावून रडली. खूप रडली. मग दुपारी उठली, डोळे पुसले, चूल सारवली आणि जेवून घेतलं.

भरतेश जेवला नाही. पाणीही घेतलं नाही. तो ओसरीवर बसून हिशेब लावत होता. खरं बोललो म्हणून बरं वाटावं, तर म्हातारा माणूस उपाशी. वाईट वाटावं, तर मी खरं बोललो. आपण कणखर वागलो, की फक्त वेंधळे? आणि दोन्ही असेल, तर आधी कोणतं?

दुपार कलल्यावर महाराज पुढच्या गावाला निघाले. पायी, अनवाणी. भरतेश बरोबर निघाला.

रस्ता खडीचा होता. महाराज हळू चालत होते. इतके हळू, की भरतेशच्या मनगटावरचं घड्याळ टुंग वाजलं आणि त्यावर अक्षरं आली : हालचाल आढळत नाही, व्यायाम थांबवला आहे. त्याने हात झटकला. घड्याळ सुरू झालं. जरा वेळाने पुन्हा टुंग.

इतकं सावकाश चालायची त्याला सवय नव्हती. पोटऱ्या भरून यायला लागल्या.

"भूक लागली असेल, महाराज."

"लागलीय की."

…

"पाय दुखत असतील."

"दुखतात."

"मग हे सगळं सहन कसं करता?"

"सहन कधी करू? चालतोय ना."

भरतेशला वाटलं, हेच ते उत्तर. चार पावलं गेल्यावर वाटलं, नसावं. आणखी चार पावलांवर त्याला प्रश्नच नीट आठवेना.

"दगडावर बसलास," महाराज अचानक म्हणाले, "त्याच्या आधी काय दिसलं होतं?"

"देऊळ."

"त्याच्या आधी?"

 घरी त्याने पोटात गोळा आल्याचं सांगितलं होतं. प्रशिक्षकाला, अंगातलं मीठ कमी पडल्याचं. दोघांनीही ते मान्य करून फाइल बंद केली होती.

"…घड्याळ."

"काय होतं त्यात?"

"मी ठरवलेली वेळ निघून गेली होती. वर पोचलो असतो, महाराज. पण त्या वेळेत नाही."

मागून उसाची ट्रॉली आली. महाराज कडेला उभे राहिले. ट्रॉली गेली, धूळ बसली, मग ते पुन्हा चालू लागले. तेवढ्या अवकाशात भरतेशच्या डोक्यात एकदम उजेड पडला.

"महाराज! म्हणजे तोही अंतरायच झाला की! तुम्हाला केस, मला वेळ. नको ते दिसलं की थांबायचं. तुम्ही बसलात, मीही बसलो. एकच गोष्ट!"

इतकं सरळ असताना आपण उगाच वर्षभर झुरलो, असं त्याला वाटलं. तो महाराजांच्या दोन पावलं पुढे गेला. मग भान येऊन मागे आला.

महाराज चालत होते.

"मी बसलो, तेव्हा तुझी आत्या रडली," ते म्हणाले.

"हो."

"तू बसलास, तेव्हा कोण रडलं?"

भरतेशने आठवून बघितलं. मास्तर रडत होते, पण ते चालता चालता. बसून रडणारा…

"मीच, महाराज."

"चल पुढं," महाराज म्हणाले. पूर्वाश्रमीची अफवा खरी असावी.

डोक्यात जो उजेड पडला होता, तो पुन्हा मावळला. एकच गोष्ट होती की दोन? दोन असतील, तर त्यांतली बरी कोणती?

पुढच्या गावची वेस आली. हलगी वाजत होती. बायका आरती घेऊन उभ्या होत्या, माणसं पाय धुवायला पाणी घेऊन उभी होती. एकदा महाराज त्या गर्दीत गेले की प्रकरण हातचं जाणार, हे भरतेशने ओळखलं. तो वाटेत आडवा उभा राहिला.

"महाराज, माझं काय? नाव ठेवू की काढून घेऊ?"

 महाराजांचं लक्ष पायाखालच्या मुंग्यांच्या रांगेकडे होतं. त्यांनी पिंछीने वाट हलकेच झाडली आणि पाऊल पलीकडे टाकलं.

मग भरतेशने राखून ठेवलेली गोष्ट बाहेर काढली. हळू आवाजात, पण वेशीवरच्या लोकांना ऐकू जाईल इतपत.

"मीही आज काही खाल्लेलं नाही, महाराज. सकाळपासून. पाण्याचा थेंबसुद्धा नाही."

हलगीवाल्याचा हात थांबला. एका म्हाताऱ्याने भरतेशलाही हात जोडले. भरतेशने ते नाकारले नाहीत.

महाराज थांबले. वळले. दोन दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत नीट बघितलं.

"का रे?" त्यांनी विचारलं. "केस तर माझ्या घासात होता."

अर्जदार वेशीवर उभा आहे. अर्जावर अद्याप निर्णय नाही.