चंद्रसूर्याची लेक

"बाबा, ती माझ्या पाठीशी उभी राहील ना?"

प्रेलने दारातूनच विचारलं. खांद्यावरची बंदूक त्याने उतरवली नव्हती.

त्याचे गुरू हायदारबाबा आपल्या मठीत चुलीपाशी बसून लाकडाचा चमचा तासत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"ती म्हणजे कोण?"

"चंद्रसूर्याची लेक."

अल्बानियाच्या डोंगरांत हे नाव दूधपित्या पोराच्याही कानावरून गेलेलं असतं. कपाळावर तारा, छातीवर चंद्र. वीज होऊन ती आभाळातून उतरते आणि दुष्टाला, गर्विष्ठाला जाळून टाकते. अनेक तोंडांच्या राक्षसिणीला वीरांनी लोळवलं ते तिच्याच बळावर, असं म्हातारेकोतारे सांगतात. प्रेल बाबांचा शिष्य. तिची सगळी गाणी त्याला मुखोद्गत होती, आणि आपल्याइतकी ती कुणालाच येत नाहीत हेही त्याला पक्कं ठाऊक होतं.

"आजच का आठवली?"

"मराश मेंढरं घेऊन खालच्या खिंडीतून येतोय. एकटा आहे."

बाबांचा चाकू थांबला.

पाटाच्या पाण्यावरून भांडण पेटलं होतं आणि त्यात मराशने प्रेलच्या थोरल्या भावाला, कोलला, गोळी घातली होती. तिरडी उचलायच्या आधी प्रेलने उगवत्या सूर्याकडे तोंड करून शपथ घेतली. रक्ताला रक्त. ती शपथ मोडणाऱ्याला त्या मुलखात कुणी चुलीपाशी बसू देत नाही.

"मी न्यायाच्या बाजूचा आहे," प्रेल म्हणाला. "तुम्ही फक्त आशीर्वाद द्या."

"मी कोण देणारा? तिलाच विचार."

बाबांनी चाकूच्या टोकानेच बाहेर दाखवलं. आभाळ शिशासारखं काळं झालं होतं. समोरच्या कड्यामागे गडगडत होतं.

"विचारतो."

"बंदूक इथे ठेवून जा."

"का? तिला काय मी चोर वाटेन?"

बाबा पुन्हा चमचा तासू लागले.

प्रेल तरातरा कड्यावर चढला. तिथे झाड नाही, झुडूप नाही. नुसता उघडा खडक. खाली खिंडीत मेंढरांच्या घंटा वाजत होत्या आणि त्यांच्यामागून मराश येत होता.

प्रेलने दोन्ही हातांनी बंदूक आभाळाकडे उचलली.

"मी निर्मळ आहे," तो ओरडला. "माझ्या हाताला बळ दे."

वारा एकाएकी पडला. प्रेलच्या हातावरचे केस उभे राहिले. नळीच्या टोकाशी बारीक सूं सूं आवाज येऊ लागला. त्याला वाटलं, ती आली. आपल्यासाठी आली.

खालून हाक आली.

"लोखंड टाक, वेड्या!"

मराशने त्याला पाहिलं होतं. ओळखलंही होतं. त्याने आपली बंदूक वाटेवर टाकली आणि तो चढण चढत धावत सुटला, थेट प्रेलच्या रोखाने.

प्रेलने नळी खाली आणली. मराशच्या छातीवर धरली.

"तिथेच थांब."

मराश थांबला नाही. त्याचे दोन्ही हात रिकामे होते. प्रेलला ते रिकामे हात दिसले, आणि चापावरचं बोट क्षणभर अडलं... तेवढ्यात मराशने नळी धरून वर ढकलली. गोळी आभाळात गेली. त्याने बंदूक हिसकावली, कड्याकडे भिरकावली. ती त्याच्या बोटांतून सुटते न सुटते तोच सगळं पांढरं झालं.

प्रेलला शुद्ध आली तेव्हा तो बाबांच्या चुलीपाशी पडला होता. कान बधिर, तोंडात राखेसारखी चव. बाहेर पाऊस कोसळत होता. समोर भिंतीला टेकून मराश बसला होता. त्याच्या दोन्ही हातांना बाबा लोणी लावत होते. तळव्यांची कातडी सोलून निघाली होती.

"यानेच तुला पाठीवर घालून आणलं," बाबा म्हणाले.

प्रेल कोपरावर उठला.

"का?" त्याने मराशला विचारलं.

मराशने त्याच्याकडे पाहिलं नाही.

"कोल रोज झोपेत येतो," तो म्हणाला. "त्यात अजून एक मेलेला कुठे घेऊ?"

ओलं सरपण तडतडलं. प्रेलने दोन्ही हात गुडघ्यांखाली दाबून धरले.

"बाबा, मी सूर्यासमोर शब्द दिलाय. सगळ्या गावाने ऐकलाय. आता मी गावात काय तोंड दाखवू? शपथेचं काय करू?"

बाबा उठले. दुधाने भरलेला वाडगा आणि नुकताच तासलेला चमचा त्यांनी प्रेलच्या पुढ्यात ठेवला.

"याला आज हाताने जेवता यायचं नाही. तू भरव."