जानकीची टोपली

“...मग दुखतं कुठून, बाई? कंबरेचे मणके तर धुतल्या तांदळासारखे आहेत!”

डॉ. ओजस खांबेटेने जानकीच्या कंबरेची दोन्ही चित्रं पडद्यावर लावली. एक झोपवून काढलेलं, एक उभं करून. उभ्याने एमआरआय काढणारं यंत्र नवंकोरं होतं, आणि ते हाती आल्यापासून ओजसची मानही जरा जास्तच ताठ झाली होती.

थत्तेबाईंनी चित्रं पाहिली. मणक्याच्या डॉक्टरांच्या दोन पिढ्या घडवलेली बाई, बोलायला कंजूष.

“दोष नाही, असं लिहितो,” ओजस म्हणाला.

भिंतीला टेकून उभी असलेली जानकी कोळीण एकदम बोलली, “तसं लिवू नको रं दादा! घरची आधीच बोलतान, सोंग करते. तुजा कागद बगून उद्याच बाजारात धाडतील.”

“मावशी, यंत्र खोटं बोलत नाही.”

“आनि माजी कंबर खोटं बोलते?”

...

“जानकी,” बाईंनी विचारलं, “दुखतं कधी?”

“टोपली घेतली का.”

“कुठाय टोपली?”

“या दादानी भायेर ठेवायला लावली. वास येतो म्हनून.”

ओजस खिडकीबाहेर पाहू लागला.

बाई उठल्या. मासळीची टोपली स्वतः ओढत आत आणली. तिच्यावरची चुंबळ उचलली आणि ओजसच्या भांग पाडलेल्या डोक्यावर ठेवली.

“बाई, हे काय...”

“वाक.”

एका बाजूने बाईंनी, दुसऱ्या बाजूने मदतनीसाने टोपली चढवली. बर्फाचं पाणी कॉलरमधून पाठीवर उतरलं. पाय आपसूक फाकले. कंबर आत गेली.

“मान हलवू नको रं,” जानकी ओरडली, “पापलेटं सांडशील माजी!”

ओजसच्या कपाळावर घाम आला, तेव्हा बाईंनी टोपली उतरवली.

...

यंत्राचं चुंबक लोखंड ओढतं, म्हणून टोपलीत खिळा-तार नाही ना, हे ओजसने दोनदा चाचपून पाहिलं. मग ती जानकीच्या डोक्यावर चढली, आणि टोपलीसकट जानकी यंत्रात उभी राहिली. ओजस तिचं कोपर धरून होता. वासाचं नाव त्याने काढलं नाही.

चित्र आलं. चौथा मणका पाचव्यावरून पुढे घसरला होता. पायाकडे जाणारी नस मध्ये चिमटली होती.

“बगितलंस?” जानकी म्हणाली.

“बघितलं, मावशी. तसंच लिहितो.” मग ओजसने घसा खाकरला. “म्हणजे... पहिल्या वेळी यंत्र चुकलं, बाई?”

“यंत्र कशाला चुकेल? दुखतं ते टोपलीखाली. टोपली तू बाहेर ठेवलीस... मग आत कोण गेलं होतं?”