रिकाम्या पेटीचं माप

"मग मंगळावर तो वायू आहे का नाही?" फकिरानं विचारलं.

"कळायचं कसं, बाबा? यानच उडालं नाही!" चौबळ उसळले.

चौबळ म्हणजे नावाजलेले शास्त्रज्ञ. मंगळाच्या हवेतला मिथेन वायू हुडकणारं यंत्र त्यांनी उमेदीची सगळी वर्षं खपून केलं, आणि ऐन वेळी मोहीमच रद्द झाली. यंत्र कपाटात गेलं. तेव्हापासून गृहस्थाच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता, की कुणीतरी आपला घात केला.

टेकडीवरच्या आपल्या खोलीत हबीबशा फकिरानं चहा पुढे केला. चौबळांनी आधी कपात डोकावून पाहिलं. हो, हल्ली कुणावर भरवसा ठेवायचा?

"कुलथ्याचंच काम आहे हे! प्रयोगशाळेत माझ्या शेजारीच बसतो. एका ताटात जेवलोय आम्ही, बाबा. उद्या संचालकांपुढे त्याचं नाव घेणार. नोकरी गेली म्हणून समजा त्याची."

"पुरावा?"

"मला बघितलं की डबा उचलून दुसऱ्या टेबलावर जातो. बोलता बोलता गप्प होतो. आणि परवा तर... हसला."

"हसला?"

"हसला हो!"



फकीर म्हणाला, "समजा, यंत्र मंगळावर गेलं, पण इथलाच वायू त्याच्या पोटात राहून गेला असला तर?"

चौबळांची कळी खुलली. आपला विषय निघाला की माणूस सगळं दुःख विसरतो.

"तीच तर गोम आहे! जरासा राहिला तरी यंत्र बोंबलतं, सापडला, सापडला! म्हणून आधी बाहेरचं दार बंद करायचं आणि आतली पेटी रिकामीच मोजायची. तेव्हा जे दिसेल ते आपलं, घरून आणलेलं. ते मंगळाच्या नावावर घालायचं नाही."

"दर वेळी?"

"दर वेळी! एवढं चुकलं तर शेंबडं पोरही हसेल आम्हाला."

फकीर उठला. त्यानं खिडकी ओढून घेतली. दार लावलं, कडी घातली. आणि चौबळांसमोर येऊन निवांत बसला.

चौबळांनी कप खाली ठेवला.

"दार का लावलंत? बाबा... तुम्हाला कुणी पाठवलंय? खरं सांगा, कुलथे इथं आला होता ना?"

"कुलथे बाहेर राहिला, बेटा," फकीर म्हणाला. "आता मोज."