रेजिनाची गिटार

खाडीकाठच्या एका गावात हातानं गिटार बनवणारे दोन कारागीर राहत. एक बस्त्याव, दुसरा इनास. दोघंही एकाच म्हाताऱ्या सुताराकडे हे काम शिकलेले. सफाई बस्त्यावच्या हातात जास्त. त्याच्या गिटारीवरची शिंपल्याची नक्षी बघत राहावी अशी. तरी गिऱ्हाईक जायचं इनासकडे, आणि हे बस्त्यावला मुळीच सोसत नव्हतं.

इनासची एक पद्धत होती. लाकडाला हात लावण्याआधी तो गिऱ्हाइकाला समोर बसवून वाजवायला सांगायचा, त्याची बोटं चाचपायचा, पंजा सुतळीनं मोजायचा. बस्त्याव म्हणायचा, ही सगळी नाटकं आहेत. जेरोम नावाचा नामांकित वादक शहरातून आला आणि बस्त्यावचं दुकान ओलांडून इनासकडे गेला, तेव्हा तर बस्त्यावच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याला जेवण गोड लागेना. इनासच्या रंध्याचा आवाज आला की तो खिडकी लावून घ्यायचा. पुढे जेरोमची गिटार तयार झाली, सगळा गाव तिच्या आवाजाचं कौतुक करू लागला, आणि बस्त्यावनं मनाशी पक्कं केलं की इनासकडे काहीतरी गुपित आहे.

बस्त्यावला रेजिना नावाची मुलगी होती. त्या वर्षी चर्चच्या सणाला ती पहिल्यांदाच एकटी वाजवणार होती. इनासकाकांकडून गिटार करून घे, असं मैत्रिणींनी तिला सांगितलं. ती म्हणाली, माझे बाबा असताना मी दुसऱ्याकडे कशाला जाऊ? हे ऐकून बस्त्यावला बरं वाटलं. पण खरा आनंद त्याला वेगळाच झाला. आता सगळ्या गावासमोर इनासचं नाक ठेचता येणार होतं!

जेरोमची गिटार नव्या तारा लावायला इनासकडे आली होती. इनास बाजारात गेला होता आणि दुकान नेहमीसारखं उघडंच होतं. बस्त्याव आत शिरला आणि त्यानं त्या गिटारीची सगळी मापं उतरवून घेतली. जिच्यावर बोटांनी तारा दाबतात ती दांडी एका बाजूनं फुगीर होती, ताराही दांडीपासून बऱ्याच उंच होत्या. असं का, ते त्याला कळेना. पण चोरून मापं घेणारा विचारणार कुणाला? हेच ते गुपित, असं त्यानं ठरवून टाकलं.

तो कामाला लागला. एकदा हातात धरून बघू का, असं रेजिनानं विचारलं, तर पूर्ण झाल्यावर बघ म्हणून त्यानं तिला घालवून दिलं. सणाच्या सकाळी गिटार तिच्या हातात आली. जेरोमच्या गिटारीत आणि या गिटारीत केसाचाही फरक नव्हता.

रेजिना वाजवायला बसली. पहिले सूर गोड उमटले आणि बस्त्यावनं मान वळवून इनासचा चेहरा पाहिला. मुलीकडे बस्त्यावचं लक्षच नव्हतं. तिचा लहानसा पंजा त्या दांडीवर पुरत नव्हता. उंच तारा दाबताना बोटांना कळा लागत होत्या. एक सूर चुकला, मग दुसरा, आणि निम्म्यावरच तिचा हात आखडला. ती उठली आणि भरल्या डोळ्यांनी गिटार घेऊनच बाहेर आली. बस्त्याव तिच्यामागे धावला.

इनासही आला. त्यानं दांडीवरून एकदा अंगठा फिरवला आणि सगळं ओळखलं.

"बस्त्याव, जेरोमचं एक बोट वळत नाही, म्हणून मी ही बाजू फुगीर ठेवली," तो हळूच म्हणाला. "तो तारा जोरात छेडतो, त्या दांडीवर आपटू नयेत म्हणून उंच लावल्या. या पोरीला हे कशाला?"

बस्त्यावला मान वर करवेना. रेजिनानं बोटं लालभडक झालेला आपला हात त्याच्यापुढे धरला.

"बाबा, माझा हात तर रोज घरातच होता," ती म्हणाली.

तो हात केवढासा आहे, हे बस्त्यावनं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

तात्पर्य: मत्सर करणाऱ्याची नजर शेजाऱ्याच्या दारात अडकून पडते, आणि त्याचा चटका त्याच्या घरच्यांना बसतो.